गोड्या पाण्यातले जेलीफिश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा आला की कुठल्यातरी धरणाचा, खाणीतल्या तळ्याचा नाहीतर विहिरीचा व्हिडिओ मोबाइलवर फिरायला लागतो. हिरवट पाण्यात नाण्याएवढ्या पारदर्शक छत्र्या उघडझाप करत असतात आणि खाली कुणीतरी लिहिलेलं असतं, 'समुद्रातला जेलीफिश इथे कसा?' मी प्राणिशास्त्र शिकवतो, त्यामुळे असे व्हिडिओ माझ्याकडे येतातच आणि पाठोपाठ तेच ते प्रश्न येतात. एकदाचं सगळं एका जागी लिहून ठेवलेलं बरं.

नदीत, तळ्यात खरंच जेलीफिश असतात? की ही थाप आहे?

खरंच असतात. समुद्रातून वाट चुकून आलेले नव्हेत. त्यांचा जन्म, वाढ, मरण सगळं गोड्या पाण्यातच होतं. जगात जेलीफिशच्या बहुतेक जाती खाऱ्या पाण्यात राहतात, गोडं पाणी जमलेल्या जाती अगदी मोजक्या. त्यातली दोन नावं लक्षात ठेवा, कारण पुढे ती सारखी येणार आहेत : क्रॅस्पेडाकस्टा आणि लिम्नोक्निडा. पहिलं मूळचं चीनमधल्या यांगत्से नदीच्या खोऱ्यातलं, पण आता अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर पोचलेलं. दुसरं आफ्रिकेतलं आणि भारतातलं. लिम्नोक्निडाची भारतातली जाती पहिल्यांदा सापडली ती आपल्या सातारा जिल्ह्यात. ती गोष्ट पुढे येईलच.

जवळून कसा दिसतो?

काचेची स्वच्छ बरणी घ्या, तळ्याचंच पाणी भरा, जेलीफिश अलगद आत सोडा आणि बरणीमागे काळा कागद धरा. कागदाशिवाय जवळजवळ काहीच दिसत नाही, कारण या प्राण्याच्या शरीरात नव्व्याण्णव टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं.

आधी दिसतो तो मधला पांढुरका क्रॉस. छत्रीच्या मध्यापासून कडेपर्यंत चार नलिका जातात, तो हा क्रॉस. या अरीय नलिका, पोटातलं अन्न अंगभर पोचवणाऱ्या. मधोमध छत्रीच्या दांड्यासारखी एक नळी लोंबते. तिच्या टोकाला तोंड असतं आणि विष्ठाही त्याच वाटेने बाहेर पडते, दुसरं दार नाही. कडेला शुंडकांची, म्हणजे भक्ष्य पकडणाऱ्या बारीक धाग्यांची, झालर. क्रॅस्पेडाकस्टाच्या पूर्ण वाढलेल्या छत्रीचा व्यास २० ते २५ मिलिमीटर, म्हणजे साधारण रुपयाच्या नाण्याएवढा, आणि एवढ्याशा कडेला चारशेच्या घरात शुंडकं मावतात. सगळी सारख्या लांबीची नसतात. थोडी लांब, बाकीची आखूड आणि दाट.

आता पाच मिनिटं नुसतं बघत बसा. छत्री झटके देत वर जाते. पृष्ठभागाजवळ पोचली की झटके थांबतात, शुंडकं चहूकडे पसरतात आणि ती पॅराशूटसारखी हळूहळू खाली उतरते. तळ जवळ आला की पुन्हा झटके. हा खेळ वाटतो, पण ती मासेमारी आहे. खाली येताना पाणपिसवा, सायक्लॉप्स, रोटिफर असले बारीक जीव पसरलेल्या झालरीत अडकतात आणि एकेक शुंडक वळून तोंडाशी जातं.

समुद्रकिनाऱ्यावर पडलेले मोठे 'झार' आणि हे एकच का?

नाही. नातं आहे, पण लांबचं. कोकणात जाळ्यात भरून येणारे ते जाड, मोठाले झार सायफोझोआ वर्गातले. नदीतला हा छोटा प्राणी हायड्रोझोआ वर्गातला. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला ज्याची आकृती काढून आपण वह्या भरल्या, त्या हायड्राच्या वर्गातला. पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर येऊन लोकांना पोळवणारा निळा ब्लू बॉटलही हायड्रोझोआच आहे. तेव्हा नदीतल्या छत्रीचं झारापेक्षा ब्लू बॉटलशी नातं जवळचं, दिसायला मात्र अगदी उलट.

फरक ओळखायची खूण सोपी आहे. हायड्रोझोआच्या छत्रीला कडेपासून आत वळलेला पातळ पडदा असतो, त्याला वीलम म्हणतात. पिशवीचं तोंड दोरीने थोडं आवळल्यावर उरतं तसं गोल भोक मधे राहतं. छत्री आकसली की पाणी त्या अरुंद भोकातून जोराने बाहेर पडतं आणि प्राण्याला धक्का मिळतो. झारांना असा पडदा नसतो.

पोहताना चावला तर?

चावत नाही, डंखतो. पण तुम्हाला बहुधा काहीच कळणार नाही. दंशपेशी असतात, पाणपिसू लुळी करायला त्या पुरतात, माणसाची कातडी भेदायला नाही. डोळ्याला चोळू नका, एवढंच.

काल नव्हते, आज हजारो आहेत. कुठून आले?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आणि याचं उत्तर नीट समजलं तर या प्राण्याबद्दलच्या निम्म्या शंका फिटतात. ते कुठून आले नाहीत. ते तिथेच होते. तुम्ही बघताय ती छत्री म्हणजे या जीवाच्या आयुष्यातले शेवटचे काही आठवडे. झाडावरचं फूल बघून 'हे झाड काल कुठे होतं' असं विचारावं, तसं हे.

खरा कायमचा रहिवासी म्हणजे पॉलिप. पाण्यातल्या दगडाला, बुडलेल्या काटकीला, पानाच्या खालच्या बाजूला चिकटलेला, जेमतेम एक मिलिमीटर उंचीचा ठिपका. क्रॅस्पेडाकस्टाच्या पॉलिपला शुंडकंसुद्धा नसतात. वर दंशपेशींची टोपी आणि खाली देठ, बस्स. त्यावर धूळ बसली की भिंगाखालीही वाळूचा कण वाटावा. असे दोनचार ठिपके एकत्र असतात आणि वर्षानुवर्षं कुणाच्या डोळ्यावर न येता जगतात.

त्याला वाढायच्या तीन वाटा आहेत. एक : अंगावर कोंब फुटतो आणि तिथेच दुसरा पॉलिप होतो. दोन : अळीसारखा लांबट कोंब सुटून निघतो, तळावर थोडा सरपटतो आणि नवी जागा धरतो. याला फ्रस्ट्यूल म्हणतात. तीन : पाणी चांगलं तापलं, साधारण २५ अंश सेल्सियसच्या आसपास गेलं आणि खाणं भरपूर असलं, की कोंबातून छोटी छत्री सुटते. सुटताना ती जेमतेम एक मिलिमीटरची असते आणि तिला आठच शुंडकं असतात. काही आठवड्यांत ती नाण्याएवढी होते, तोपर्यंत तुमचं लक्ष जात नाही. मग एके दिवशी पाणी निवळ आणि वारा पडलेला असतो, सगळ्या वर येतात आणि गावात बोभाटा होतो.

एखाद्या वर्षी हजारो दिसतात आणि मग पाचसहा वर्षं एकही नाही, याचं कारणही हेच. पॉलिप असतात, छत्र्या काढण्याजोगा हंगाम जमत नाही.

तळं आटलं, थंडी पडली तर मरतात का?

छत्र्या मरतात. पॉलिप स्वतःला आकसून कठीण कवचाची गोळी करून घेतो, तिला पोडोसिस्ट म्हणतात. ही गोळी थंडी काढते, कोरडेपणा सोसते आणि पाणी आलं की पुन्हा पॉलिप होते. पक्ष्याच्या पायाला लागलेला चिखल, एका बागेतून दुसऱ्या बागेत नेलेली कमळं, मत्स्यबीजाचं पाणी, यातून ती कुठेही जाऊ शकते. यांगत्सेतला प्राणी जगभर पसरला तो असा. छत्रीच्या पोहण्याने फार तर तळ्याचा दुसरा काठ गाठता आला असता.

एका तळ्यात सगळे नरच किंवा सगळ्या माद्याच असतात, हे खरं?

क्रॅस्पेडाकस्टाच्या बाबतीत बऱ्याचदा खरं. चिखलासोबत एखादीच गोळी आली, तिच्यापासून अख्ख्या तळ्यातले पॉलिप झाले, तर त्यांच्यापासून सुटणाऱ्या सगळ्या छत्र्या एकाच लिंगाच्या. लग्नाचं वऱ्हाड निघालं, पण दुसऱ्या पक्षाचा पत्ताच नाही! कोंबांनी वाढायची सोय असल्यामुळे वंश बुडत नाही, इतकंच. जिथे नर आणि मादी दोन्ही असतात तिथे अंडं फळतं, त्यातून केसाळ अळी निघते आणि ती तळाशी बसून पॉलिप होते.

याचा शोध लंडनच्या हौदात लागला म्हणतात, ते काय प्रकरण?

जून १८८०. लंडनच्या रीजंट्स पार्कात रॉयल बोटॅनिक सोसायटीचा उबदार हौद होता, दक्षिण अमेरिकेतली राक्षसी कमळं वाढवण्यासाठी. सोसायटीचे सचिव विल्यम सोवर्बी यांना त्यात छोटे जेलीफिश पोहताना दिसले. प्राणिशास्त्रज्ञांत धावपळ उडाली. रे लँकेस्टर यांनी नाव दिलं क्रॅस्पेडाकस्टा, त्याच सुमाराला जॉर्ज ऑलमन यांनी दिलं लिम्नोकोडियम. एकच प्राणी, दोन मोठी माणसं, दोन नावं. आधी छापून आलेलं नाव खरं, या नियमाने लँकेस्टर जिंकले. जातीच्या नावात मात्र सोवर्बी राहिले : क्रॅस्पेडाकस्टा सोवर्बी.

मला यापुढचा भाग जास्त आवडतो. १८८५ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळच्या ओढ्यात एडवर्ड पॉट्स यांना दगडावर एक बिनशुंडकांचा ठिपका सापडला. हायड्रासारखा पण अगदीच चिमुकला, म्हणून नाव पडलं मायक्रोहायड्रा. हा आणि लंडनचा जेलीफिश एकाच प्राण्याची दोन रूपं आहेत हे पक्कं व्हायला बराच काळ गेला. तोवर मूल एका नावाने आणि आई दुसऱ्या नावाने पुस्तकात नांदत होती. जुन्या पुस्तकांत मायक्रोहायड्रा वेगळा प्राणी म्हणून दिसला तर गोंधळू नका.

वर्गीकरण नेमकं काय? परीक्षेसाठी हवंय.

घ्या : संघ निडारिया (जुन्या पुस्तकांत सीलेंटेराटा), वर्ग हायड्रोझोआ, उपवर्ग ट्रॅकिलिनी, गण लिम्नोमेड्युसी, कुल ओलिंडिइडी. त्याखाली वंश क्रॅस्पेडाकस्टा आणि वंश लिम्नोक्निडा.

परीक्षेपुरतं इथे संपलं. पण हा गण झाला कसा, ते ऐकण्यासारखं आहे.

हायड्रोझोआच्या छत्र्यांची जुनी विभागणी जननग्रंथी कुठे आहेत त्यावरून होत असे. ग्रंथी मधल्या नळीच्या, म्हणजे पोटाच्या भिंतीवर असतील तर एक गण, अरीय नलिकांवर असतील तर दुसरा. सोपा, डोळ्यांनी दिसणारा नियम. आता गंमत बघा. क्रॅस्पेडाकस्टाच्या जननग्रंथी चार नलिकांवरून पिशव्यांसारख्या लोंबतात आणि लिम्नोक्निडाच्या पोटाच्या भिंतीवर असतात. म्हणजे नियमाप्रमाणे हे दोघे वेगवेगळ्या घरचे. पण बाकी सगळं, समतोल सांभाळणारी बंदिस्त इंद्रियं, पोकळ शुंडकं, कडेचा दंशपेशींचा जाड पट्टा, चिमुकला पॉलिप, ओरडून सांगत होतं की ही भावंडं आहेत.

१९३८ साली डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ पॉल क्रॅम्प यांनी असल्या कुठेच न बसणाऱ्या प्राण्यांना एकत्र करून लिम्नोमेड्युसी हा गण केला. सुरुवातीला तो थोडा अडगळीच्या खोलीसारखाच होता. मोरिसिइडी नावाचं कुल त्यात होतं, ते पुढे बाहेर गेलं. उलट, डीएनए वाचायला लागल्यावर गेरिओनिइडी हे समुद्री कुल आत आलं. आज गणात चार कुलं धरतात : ओलिंडिइडी, गेरिओनिइडी, मोनोब्रॅकिइडी आणि आर्मोरहायड्रिडी. माझं मत विचाराल तर ही यादीसुद्धा अखेरची नाही. एका खुणेवर गण बांधला की तो कधीतरी मोडतो, हे या गणाच्या इतिहासात दोनदा दिसलंय.

लिम्नो म्हणजे तळं. मग या गणातले सगळे गोड्या पाण्यात राहतात का?

नाही, नाव फसवं आहे. बहुतेक सगळे समुद्रात राहतात. गोड्या पाण्यातल्यांवरून गणाचं बारसं झालं, इतकंच.

ओलिंडिइडी कुलातलाच ओलिंडियास फॉर्मोसस हा जपानजवळच्या समुद्रातला, रंगीत टोकांच्या शुंडकांचा, मत्स्यालयात ज्याच्यासमोर लोक थबकतात असा. गोनिओनेमसच्या शुंडकांना चिकट गाद्या असतात, त्यांनी तो समुद्री गवताला धरून बसतो. व्लादिवोस्तोकच्या बाजूला त्याचा डंख लागून माणसं दवाखान्यात जातात. म्हणजे आपल्या निरुपद्रवी नदीवाल्याचा सख्खा चुलतभाऊ चांगलाच विषारी. मोनोब्रॅकियमचा पॉलिप थंड समुद्रात शिंपल्यांवर राहतो आणि त्याला एकच शुंडक असतं. आर्मोरहायड्रा तर जाडसर वाळूच्या कणांमधल्या फटीत राहतो, तिथे छत्री उघडायला जागाच नाही.

क्रॅस्पेडाकस्टा आणि लिम्नोक्निडा वेगळे कसे ओळखायचे?

खालून बघा. मधली नळी लांब, तोंड अरुंद आणि चार नलिकांवर चार पांढुरक्या पिशव्या लटकलेल्या, तर क्रॅस्पेडाकस्टा. नळी आखूड, पोट थाळीसारखं रुंद, तोंडही मोठं आणि नलिकांवर काहीच नाही, तर लिम्नोक्निडा. टांगानिका सरोवरातल्या लिम्नोक्निडाच्या पोटाच्या भिंतीला तर छोट्या छत्र्यांचे कोंबही फुटतात.

फोटो नेहमी वरून काढलेला येतो आणि मला काही सांगता येत नाही. कृपया खालून किंवा बाजूने काढा.

साताऱ्यातल्या जेलीफिशशी आगरकरांचा काय संबंध?

आगरकर नव्हे, आघारकर. हा घोटाळा पुण्यात तर कायमचाच, कारण आघारकर संशोधन संस्था आहेच मुळी गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर.

शंकर पुरुषोत्तम आघारकर, जन्म १८८४, मालवणचे. मुंबईत जीवशास्त्र शिकवत असताना ते सह्याद्रीत भटकून प्राणी आणि वनस्पती गोळा करत. त्यात त्यांना कोयना आणि वेण्णा नद्यांत जेलीफिश सापडले. आपल्याला या नद्या कशा ओळखीच्या : वेण्णा महाबळेश्वरातून मेढ्यावरून येऊन माहुलीला कृष्णेला मिळते, कोयना कऱ्हाडला. तोपर्यंत लिम्नोक्निडा हा वंश फक्त आफ्रिकेत माहीत होता. आघारकरांची नोंद १९१२ साली 'नेचर'मध्ये आली. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधले नेल्सन ॲनन्डेल यांनी जातीला नाव दिलं : लिम्नोक्निडा इंडिका. हेच ॲनन्डेल पुढे १९१६ साली भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक झाले.

आणि आघारकर? ते वळले वनस्पतींकडे. कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले, निवृत्तीनंतर पुण्यात आले आणि १९४६ साली उभ्या राहिलेल्या 'महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी'चे संस्थापक संचालक झाले. १९९२ साली या संस्थेला त्यांचं नाव मिळालं. बाहेरच्या पाटीवर ज्यांचं नाव आहे त्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या खात्यावर एक जेलीफिश जमा आहे, हे तिथून रोज जाणाऱ्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असावं.

आफ्रिकेतला प्राणी साताऱ्यात कसा?

या वंशाने याआधीही माणसांना चकवलं आहे. टांगानिका सरोवरात १८८३ साली रिचर्ड ब्योम या जर्मन प्रवाशाने जेलीफिश पाहिले. समुद्रापासून इतक्या आत जेलीफिश म्हटल्यावर जे. ई. एस. मूर यांनी तर्क लढवला की हे सरोवर कधीकाळी समुद्राचाच फाटा असणार, समुद्र हटला आणि जेलीफिश मागे राहिले. त्यासाठी मोहिमा निघाल्या. मग तेच जेलीफिश व्हिक्टोरिया सरोवरात सापडले, नायजर नदीत सापडले आणि तर्क कोसळला. प्राणी समुद्राने सोडलेला नव्हता, तो गोड्या पाण्यात स्वतः पसरलेला होता.

साताऱ्याच्या बाबतीत लोक लगेच गोंडवनाचं नाव घेतात : भारत आणि आफ्रिका एकेकाळी जोडलेले होते, म्हणून प्राणी दोन्हीकडे. योगायोग असा की आल्फ्रेड वेगेनर यांनी खंड सरकतात ही कल्पना मांडली तीही १९१२ सालीच. पण पक्ष्याच्या पायाला लागून जाणारी गोळी ज्या कुळात आहे, तिथे खंड सरकवायची घाई करू नये असं मला वाटतं. टांगानिकाचा धडा ताजा ठेवावा.

आपल्याकडे बघायला कधी जायचं?

पावसाळ्याच्या आधी, एप्रिल-मे. नदीची धार तुटून डोह उरतात, पाणी तापलेलं आणि संथ असतं. पहिला मोठा पूर आला की छत्र्या वाहून जातात. आघारकरांनी पाहिलेली कोयना मात्र आता तशी नाही. १९६०च्या दशकात धरण झालं आणि खोऱ्याचा मोठा भाग शिवसागराखाली गेला.

मासे मारतात का? पाणी पिण्याजोगं राहतं का?

जे बारीक जीव माशांची पिल्लं खातात तेच हे खातात, त्यामुळे थोडी वाटमारी होते. मत्स्यशेती बुडाल्याची ओरड करण्याइतकी नव्हे. पाणी पिण्याजोगं आहे की नाही, हे जेलीफिशवरून ठरत नाही, स्वच्छतेचं प्रमाणपत्र म्हणूनही नाही आणि घाणीचं म्हणूनही नाही.

घरच्या टाकीत पाळता येईल?

छत्री फिल्टरच्या ओढीत फाटेल. वाचली तरी काही आठवड्यांचीच सोबत. शिवाय टाकीचं पाणी शेवटी ओढ्यात ओतलंत की तिथे पॉलिप पोचले. नको.

पण मला दिसलेत! आता काय करू?

तारीख, ठिकाण, पाणी किती खोल आणि किती गरम, हे आधी लिहा. थर्मामीटर नसेल तर 'अंगाला कोमट लागलं' एवढं लिहिलं तरी चालेल. बरणीत घेऊन बाजूने फोटो आणि छोटा व्हिडिओ काढा, शेजारी नाणं ठेवा म्हणजे मोजमाप कळेल. बरणी उन्हात ठेवू नका, अर्ध्या तासात छत्री विरघळल्यासारखी होते. जपून ठेवायचाच असेल तर जवळच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात न्या. आकार टिकवायला चार-पाच टक्के फॉर्मॅलिन लागतं, अल्कोहोलमध्ये तो सुरकुततो, डीएनएसाठी मात्र अल्कोहोलच बरं. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, तिथे कळवता येतं.

आणि निघण्याआधी उथळ पाण्यातला एखादा दगड उचलून त्याची खालची बाजू भिंगाने बघा. छत्र्या आज ना उद्या जातीलच. जुना रहिवासी सापडला तर तिथेच सापडेल. बघून झालं की दगड होता तसा, त्याच बाजूने, परत ठेवा.